कुंदाचे न वाचलेले मेसेज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बंगळूरच्या मुलाला नाही. देवापुढे हात जोडून उभी असते तेव्हाही हा विषय मनात आला की मी पटकन आरतीच्या पुढच्या कडव्यावर जाते. देवाला ठाऊक नसेल असं नाही, पण तो विचारत नाही. माणसं विचारतात. एकदा एका माणसाने विचारलंही – पण ते नंतर.

मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? आणि ओळखत असाल तर? नौपाड्यात राहत असाल, किंवा डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या महिला मंडळात असाल, तर कदाचित गेल्या वर्षी माझं भाषण ऐकलंही असेल. 'मोबाइल सोडलेल्या माधवीताई' – त्या मीच. तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील तर त्या टाळ्या माझ्याकडे अजून पडून आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

सुरुवातीपासून सांगते. घाई केली तर मी मधलं गाळीन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात आषाढी एकादशीला नेम धरायची पद्धत आहे. चातुर्मासाचे चार महिने काहीतरी सोडायचं. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी चहातली साखर, कुणी पायात चप्पल घालत नाही. कार्तिकी एकादशी झाली की उद्यापन करायचं, सोडलेली वस्तू आधी कुणाला तरी दान द्यायची आणि मग आपण खायची. मी वर्षानुवर्षं वांगं सोडत आले. मला वांगं आवडत नाही. त्यामुळे माझा नेम कधी मोडला नाही आणि मंडळात माझा दबदबा राहिला. हे मी हसत सांगते आहे, पण ते लक्षात असू द्या. माणूस छोट्या गोष्टीत जसा असतो तसाच मोठ्या गोष्टीतही असतो.

गेल्या वर्षी मात्र खरंच काहीतरी सोडावंसं वाटलं होतं. यात खोटं नाही. नोकरीतून निवृत्त झाले, हातात वेळ आला आणि वेळाबरोबर फोन आला. उठल्या उठल्या फोन, जेवताना फोन, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या त्याऐवजी फोन. कुणाच्या सुनेने कुठली साडी नेसली, कोण कुठल्या देशात फिरतंय, अनोळखी बाई तिच्या ओट्यावर पुरणपोळी कशी लाटते आहे – सगळं मला माहीत. घरात काय चाललंय तेवढं माहीत नाही. एके दिवशी श्रीकांत, माझा नवरा, समोर बसून सांगत होता की त्याचा शाळेतला बाकावरचा मित्र गेला. आणि मी बोटाने स्क्रीन सरकवत 'अरे वा' म्हणाले. तो उठून गॅलरीत गेला आणि झाडांना पाणी घालत राहिला, सकाळी घातलेलं असूनही.

त्या आषाढीला मी मंडळात उभी राहिले आणि सांगितलं, मी मोबाइल सोडते. म्हणजे फोन नाही, फोन लागतो. पण ग्रुप, स्टेटस, रील, सगळं बंद. चार महिने ठरवून जगायचं. जेवताना जेवायचं, कुणी बोलत असेल तर ऐकायचं. ज्याला माझ्याशी बोलायचं आहे त्याने फोन करावा, नाहीतर सरळ घरी यावं, चहा टाकते. बायका आधी हसल्या. मग दोघी-तिघी म्हणाल्या, आम्हीही धरतो. आठवड्याभरात सगळी सोसायटी बोलायला लागली. कुणीतरी डोंबिवलीच्या मंडळात सांगितलं, त्यांनी बोलावलं. मग कल्याणहून बोलावणं आलं. मी गेले, बोलले. एकदा माइक हातात आला की माझं मला आवरत नाही, हे श्रीकांतचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक भाषणात माझं एक वाक्य ठरलेलं असायचं – ज्याला आपली खरंच गरज असते तो फोन करतोच, बाकी सगळा गलबला. त्या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या.

दुसऱ्यास सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेत कुणाकुणाला उद्देशून वापरली होती, आता आठवलं तरी लाज वाटते.

कारण नेम पहिले दोन आठवडे टिकला. फार तर अडीच. मुलाने व्हिडिओ कॉलसाठी एक टॅबलेट घेऊन दिला होता. फोनमधून मी सगळं काढून टाकलं होतं, ते खरं. मग एका दुपारी ते सगळं त्या टॅबलेटवर घातलं. मी मोबाइल सोडला असं म्हणाले होते, टॅबलेटचं कुठे म्हणाले होते? बघा, वकिली कशी सुचते. एकादशी, दुप्पट खाशी – तसलाच प्रकार. कुणाला कळू नये म्हणून मी मेसेज वाचल्याची खूण उमटणार नाही अशी सोय केली. दुपारी जेवणं आटोपली की आतल्या खोलीचं दार लावायचं आणि कपाटात जुन्या साड्यांखालून टॅबलेट काढायचा. श्रीकांतला सांगितलं होतं, मी ध्यानाला बसते. आलेल्या-गेलेल्याला तो कौतुकाने सांगायचा, थांबा जरा, ती ध्यानाला बसली आहे.

हे एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता? नेम मोडणाऱ्या बायका काय कमी आहेत? लपून साखर खाणारीही आमच्यात एक आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्ही तिला चिडवतो. पण माझ्या त्या टॅबलेटवर एका दुपारी कुंदाचा मेसेज आला.

कुंदा कोण ते सांगायला हवं. कल्याणला आमची घरं एका गल्लीत, शाळेत आम्ही एका बाकावर. मी सांगणारी, ती ऐकणारी. मी मोठ्याने रडणारी, ती तोंडात पदर कोंबून हसणारी. लग्नानंतर मी ठाण्याला आले, ती बरीच वर्षं कल्याणातच होती. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. तिचे यजमान वसंतराव स्वभावाने शांत, त्यात ऐकायला कमी येतं. एकुलती मुलगी केतकी नाशिकला दिलेली. कुंदाला फोन केला की ती माझंच विचारत राहते. तिचं काय चाललंय हे विचारलं की एकच उत्तर, मजेत गं. आमच्या मैत्रीत तिचं असं मला जवळजवळ काहीच माहीत नाही, हे मला तोवर कधी जाणवलंही नव्हतं.

त्या मेसेजमध्ये तिने लिहिलं होतं – "माधे, तुझा नेम आहे, तू हे वाचणार नाहीस. म्हणूनच लिहिते. समोर वाचणारं कुणी आहे म्हटलं की मला काही लिहवत नाही. तू घर बंद करून गावाला गेली आहेस आणि मी दाराच्या फटीतून चिठ्ठ्या सरकवते आहे, असं समज. कार्तिकी झाली की न वाचता सगळं पुसून टाक. तुला माझी शपथ."

तिथे थांबायला हवं होतं. कुणीही थांबलं असतं ना? तुम्ही थांबला असता. मी खाली सरकवलं.

आणि मग रोज. कुंदा काय लिहायची सांगू? घरात दिवसभर एक शब्द बोलला जात नाही असे दिवस असतात, असं एकदा. वसंतराव वाईट नाहीत, पण त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि प्रेमाचं काही ओरडून कसं बोलणार, असं एकदा. तरुणपणी तिला बी.एड. करायचं होतं, राहिलं. खिडकीतून डोंगर दिसतो, त्याच्याशी ती कधीकधी बोलते. माझी कुंदा. तोंडात पदर कोंबणारी. मी वाचत होते आणि मला – सांगूनच टाकते – मला मजा वाटत होती. तिच्या दुःखाची नव्हे. दुसऱ्याच्या घरात दिसू न देता फिरायला मिळालं, त्याची. कुठल्याही रीलला आली नसती एवढी चटक मला तिच्या मेसेजची लागली. जेवणं लवकर उरकायला लागले. श्रीकांत म्हणाला, तुझं ध्यान वाढलंय.

श्रावण लागला आणि एका दुपारी तिने लिहिलं, डाव्या बाजूला हाताला गाठ लागते.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. पुढे होतं – "दुखत नाही. केतकीला सातवा सरत आलाय, डोहाळजेवण करून तिला कालच घेऊन आले. आत्ता काही काढलं तर ती रडत बसेल, जावई तिला परत घेऊन जातील, पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते राहून जाईल. माझ्या वेळी आई नव्हती, माझं सासरी झालं, ते काय असतं मला माहीत आहे. एवढं बाळंतपण पार पडू दे. मग बघू."

आता मला सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? रिक्षा करतो, स्टेशन गाठतो, टिटवाळ्याला जाऊन तिचा दंड धरतो. एका वाक्याचा प्रश्न होता. कुंदे, मी वाचलंय. बस. ती चिडली असती, आठ दिवस बोलली नसती, पण डॉक्टरकडे गेली असती. मला ते वाक्य बोलायचं नव्हतं. कारण ते बोलले की मग पुढचं आलं – कुठे वाचलंस? कधीपासून वाचतेस? आणि ते मंडळ, ती भाषणं, माझं बघून फोन बाजूला ठेवलेल्या त्या सगळ्या बायका? त्यांना काय सांगायचं, की मी ध्यानाला बसून तुमचे स्टेटस बघत होते?

मग मी आडून प्रयत्न केले. फोन केला, तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मजेत, म्हणाली, नातवंडाची वाट बघतेय. आमच्या मंडळाने पन्नाशीपुढच्या बायकांसाठी तपासणी ठेवली आहे, ये की दोन दिवस राहायला, असं म्हटलं. ते खोटं नव्हतं, मीच मागे लागून तपासणी ठेवायला लावली होती. ती म्हणाली, "अगं, पोरीला अशी टाकून कशी येऊ? तुम्ही करून घ्या, मी धडधाकट आहे." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर काही वेळाने टॅबलेटवर मेसेज आला – "तुझा फोन आला. कसं काय गं कळतं तुला? सांगणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं."

तोंडापर्यंत आलं होतं. मी पुन्हा फोन लावू शकत होते. त्याच क्षणी. मी टॅबलेट बंद करून साड्यांखाली ठेवला.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. मेसेज आला तर भीती, नाही आला तर त्याहून जास्त. गाठ आहे तेवढीच आहे, असं ती लिहायची, की मी सुटल्यासारखा श्वास घ्यायची – जणू तिनेच मला सवड दिली. नवरात्र बसलं त्या सुमारास केतकीला मुलगा झाला. मग कुंदाचं लिहिणं कमी झालं. बाळंतिणीचं न्हाणं, शेक-शेगडी, बाळाची आंघोळ, सगळं ती एकटी करत होती. एकदा फक्त एवढंच आलं – "बाळाला डावीकडे घेतलं की लागतं, म्हणून उजवीकडे घेते. आधीपेक्षा मोठी वाटते आहे."

आणि इथे मला माझ्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे. मी ठरवलं. खरंच ठरवलं. नौपाड्यातल्या एका लेडी डॉक्टरांची वेळ घेतली, कुंदाच्या नावाने. अळिवाचे लाडू केले केतकीसाठी, बाळाला झबलं घेतलं. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी इस्त्रीची साडी नेसले, श्रीकांतला सांगितलं की बाळ बघायला टिटवाळ्याला जाते. काय बोलायचं ते मनात घोकून झालं होतं. मंडळाचं काय व्हायचं ते होवो. पर्स खांद्याला, पिशवी हातात, आणि निघता निघता मी आत जाऊन टॅबलेट उघडला. एकदाच बघून घेऊ, म्हटलं, रात्रीत काही लिहिलंय का.

लिहिलं होतं.

कल्याणच्या भाषणाचं कुणीतरी चित्रण केलं होतं आणि ते ग्रुपा-ग्रुपांतून फिरत तिच्यापर्यंत गेलं होतं. तिने लिहिलं होतं – "माधे, तुझं भाषण बघितलं. बोलतेस छान. पण खरं सांगू? तुला काही सोडायचं नव्हतंच गं. तुझ्याकडे बघायला माणसं हवी होती. शाळेत उपास केलास की आख्ख्या वर्गाला सांगायचीस, आणि डबा कुणाला तरी देताना सगळ्यांना दिसेल असा द्यायचीस. ज्याला गरज असते तो फोन करतो म्हणे. ज्याला गरज असते त्याच्याच हातून फोन होत नाही. पण ते तुला कळायचं नाही. तू नेहमी बोलणाऱ्यांतली."

इथे थोडं थांबते.

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं मी स्वतःला अनेकदा माफ केलेलं आहे. चोरून वाचलं – सवय वाईट. बोलले नाही – भित्री आहे. भित्र्या माणसाची कीव करता येते, नाही का? मी स्वतःची भरपूर केली. आजवर मी जे लपवलं ते भित्रेपण नाही. ते त्या सकाळचं आहे.

मला राग आला. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. मी हिच्यासाठी सगळ्या गावात स्वतःची शोभा करून घ्यायला निघाले आहे आणि ही माझ्याबद्दल हे लिहिते? माझ्या पाठीमागे? – पाठीमागे! मी चोरून वाचत होते आणि पाठीमागे बोलल्याचा राग मला आला होता. मी पर्स खाली ठेवली. इस्त्रीची साडी सोडून घरातली नेसले. श्रीकांतला सांगितलं, डोकं दुखतंय, नंतर जाईन. डॉक्टरांकडे फोन करून वेळ रद्द केली. आणि मनात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं सांगते. येऊ दे की तिचाच फोन. गरज असेल तर करेल.

अळिवाचे लाडू आम्ही दोघांनी संपवले. चांगले झाले होते.

रुसवा किती टिकावा? दुपार, दोन दुपारी. माझा दिवाळी येऊन गेली तरी टिकला. त्यानंतर मी टॅबलेट उघडत होते, पण तिचे मेसेज आले की आधी तिचं नाव बघून तोंड वाकडं करायची, मग वाचायची. दुखायला लागलंय, असं त्यांतल्या एकात होतं. मी ते वाचून करंजीचं सारण ढवळायला गेले. तिचं वय, तिची गाठ, तिचं एकटं राबणं – सगळं मला माहीत होतं, जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते एका टोमण्यासाठी दाबून ठेवलं. तो टोमणाही खरा होता. खोटा असता तर मला एवढा लागला नसता.

कार्तिकीला मंडळाने उद्यापन केलं. वांगं सोडलं तर वांगं दान देतात, मोबाइलचं काय द्यायचं यावर बायकांची बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनी मलाच शाल-श्रीफळ दिलं. मी चार शब्द बोलले. चाराचे चाळीस झाले असणार.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. बाळाने खेळता खेळता आजीला लाथ मारली, कुंदा कळवळली, आणि केतकीने बघितलं. मग आठ-दहा दिवसांत सगळं झालं. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन, स्तन काढून टाकावा लागला, पुढे केमो. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं. हे मला कुंदानेच सांगितलं, भाजी महाग झाली म्हणावं तशा आवाजात.

हॉस्पिटल माझ्या घरापासून जवळ. मी रोज जात होते. मऊ भात, सूप, धुतलेले गाऊन. एका दुपारी ती उशीला टेकून बसली होती. केतकी खिडकीपाशी थर्मास भरत होती, वसंतराव बाळाला घेऊन खाली गेले होते. कुंदा म्हणाली, "माधे, एक विचारू? मी तुला काहीबाही लिहीत होते मधे. केतकी म्हणते, आई, मेसेजपुढे दोन टिका दिसतायत, म्हणजे मावशीला पोचलंय. तू वाचलं नाहीस ना?"

केतकीने मागे वळून बघितलं नाही, पण तिचा हात थांबला होता.

एवढं सोपं कुणी कधी कुणाला करून दिलं असेल का? प्रश्न समोर होता, त्यात उत्तरही होतं. मी तिचा हात हातात घेतला, सुई टोचलेला, आणि म्हणाले, "नाही गं. मुलासाठी टॅबलेट चालू असतो, त्यात येऊन पडलं असेल. मी उघडलेलंच नाही."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "हिला तेच सांगत होते, माधी नेम मोडणारी नाही. आणि तुला कळलं असतं तर तू मला झिंज्या धरून डॉक्टरकडे नेलं असतंस. माझंच नशीब, नेमका तुझा नेम." मग हसून म्हणाली, "पुसून टाक हं. तुझ्याबद्दलही वाकडंतिकडं लिहिलंय त्यात."

केतकीने थर्मासचं झाकण लावलं. फार वेळ लावत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला विचारलं, बाळाला भूक लागली असेल ना? ती हो म्हणाली. तेव्हापासून केतकी माझ्याशी चांगलं वागते, विचारलं तेवढं बोलते. मावशी मात्र म्हणत नाही.

घरी येऊन मी मेसेज पुसले. पुसण्याआधी पुन्हा सगळे वाचले.

त्यानंतर प्रत्येक केमोला मी तिच्याबरोबर बसले. हे मी जमेस धरत नाही, तुम्हीही धरू नका. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, माधीसारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. मी तिच्याशेजारी बसून ते ऐकायची. नर्स एकदा म्हणाली, अशी मैत्री आजकाल राहिली नाही हो. मी मान डोलावली.

या वर्षी आषाढीच्या आधी कुंदा आमच्याकडे आली होती. डोक्याला रुमाल, रुमालाखाली कापसासारखे नवे केस. वसंतराव आणि श्रीकांत आत टीव्हीपुढे, आम्ही दोघी गॅलरीत. चहा घेता घेता तिने विचारलं, या वर्षी धरणार ना नेम? मी म्हटलं, बघू. ती कपात बघत म्हणाली, "धर गं. मला बरं पडतं. गेल्या वर्षी तेवढीच एक जागा होती मला."

मी काय करायचं होतं? नेम धरला असता तर तिने पुन्हा लिहिलं असतं, आणि मी पुन्हा वाचलं असतं. न वाचण्याएवढा माझा माझ्यावर विश्वास नाही, आणि तिच्या अंगात जे होतं ते परत आलं तर न वाचण्याचं धैर्यही नाही. आणि खरं सांगायचं तर तिथेच, त्या गॅलरीत, चहा संपायच्या आत सांगता आलं असतं. ती समोर होती, जिवंत होती, मध्ये फक्त दोन कप होते.

मी म्हणाले, "नाही जमायचं या वर्षी. मुलाला रोज फोटो बघायचे असतात."

ती मग बरं म्हणाली, आणि भाजीचं काहीतरी विचारलं.

मंडळाला मी सांगितलं की यंदा वांगं. माझा फोन आता पूर्वीसारखा आहे, सगळे ग्रुप त्यात आहेत, आणि मी मेसेज उघडला की तिकडे लगेच कळतं, तीही सोय मी परत चालू केली आहे. टॅबलेट मुलाला परत पाठवला. पुढच्या आठवड्यात कुंदाची मोठी तपासणी आहे. तिला काय वाटतंय, रात्री झोप लागते का, कुठे हात लावून बघते का, मला माहीत नाही. फोन केला की ती नातवाला दात आल्याचं सांगते. आणि रोज सकाळी सातच्या सुमाराला ती मला गुलाबाचं एक चित्र पाठवते, दवाचे थेंब असलेलं, खाली सुप्रभात लिहिलेलं. शाळेच्या ग्रुपवरही तेच असतं, सगळ्यांना तेच जातं. मी ते उघडते, आणि उलट एक फूल पाठवते.